नवा अंक, जुना मुखवटा

अमेरिकेत सुपरहिरो कॉमिक्सचे नवे अंक बुधवारी विक्रीला येतात. मधली काही वर्षं, २०२० पासून, डीसी कंपनीनं मंगळवार धरला होता. २०२४मध्ये तीही बुधवारावर परतली. वेळणेश्वरात बसून या अंकांची परीक्षणं लिहायची तर त्यासाठी गुरुवारची सकाळ मोकळी ठेवावी लागते. आमच्याकडे पर्यटकांची घरगुती राहण्या-जेवणाची सोय आहे. घावने, चटणी, चहा असं सगळ्यांचं उरकलं, मुक्कामाची माणसं देवळाकडे नाहीतर किनाऱ्याकडे गेली, की मी मागच्या पडवीत टॅबलेट घेऊन बसते. रेंज धड तिथंच मिळते. काही प्रकाशक अंक आधी पाठवतात. त्यांच्या पानापानावर माझं नाव पुसट छापलेलं असतं आणि अंक बाजारात येईपर्यंत त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही अशी अट असते. बाकीचे मी विकत घेते. शुक्रवारी दुपारपर्यंत मजकूर गेलाच पाहिजे, नाहीतर माझ्या परीक्षणाची जागा पाककृतीला जाते.

एका अंकात गोष्टीची २० ते २२ पानं. किंमत ४ ते ५ डॉलर, म्हणजे आपल्याकडे साडेतीनशे-चारशे रुपये. एवढे पैसे मोजून वाचकाच्या हाती येतो तो गोष्टीचा एक तुकडा. सुपरमॅनची गोष्ट १९३८ पासून चालू आहे, बॅटमॅनची १९३९ पासून, स्पायडरमॅनची १९६२ पासून. कादंबरीच्या परीक्षकाला निदान शेवटचं पान असतं. इथं शेवटच्या पानावर कुणीतरी कड्यावरून लटकत असतं आणि खाली ‘क्रमशः’. जी गोष्ट आपल्या जन्माआधी सुरू झाली आणि आपल्यामागेही चालणार आहे, तिच्यातल्या वीस पानांना चांगलं किंवा वाईट कशाच्या जोरावर म्हणायचं? हा प्रश्न मला दर गुरुवारी पडतो. त्याचं उत्तर मी शिकले ते कॉमिक्समधून नव्हे, शिमग्यातून.

आमच्या गुहागर तालुक्यात शिमग्याला खेळे येतात. नमन म्हणा, खेळे म्हणा. मृदंग-टाळ वाजायला लागतात, गण होतो, गवळण होते, आणि त्यात संकासुर येतो. पायघोळ काळे कपडे, तोंडावर काळा मुखवटा, छातीवर रुळणारी पांढरी दाढी, डोक्यावर उंच टोकदार टोपी, कमरेला घुंगरांचा पट्टा. लहान मुलं आईच्या पदराआड जातात आणि तिथूनच डोळे ताणून त्याला बघत राहतात. त्याची गोष्ट सगळ्या अंगणाला पाठ असते. पुढे काय होणार हे कळावं म्हणून तिथं कुणीच आलेलं नसतं. आमच्या वाडीत एका वर्षी संकासुर बदलला. आधीचा माणूस थकला होता, त्याच्या मुलानं टोपी चढवली. माझ्या शेजारी बसलेले म्हातारे तात्या, ज्यांनी त्या मुलाच्या आज्यालाही याच अंगणात नाचताना बघितलं होतं, बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांची नजर मुखवट्यावर नव्हती, पायांवर होती. मग एवढंच म्हणाले, “बापासारखा नाय नाचत. पन सोताचा नाचतो.”

इतकं नेमकं परीक्षण मी आजवर छापलेलं वाचलेलं नाही. तीन पिढ्यांची आठवण त्या माणसाकडे होती आणि तिचा उपयोग त्यानं आजची पावलं जास्त बारकाईनं बघण्यासाठी केला. आठवणीचा दंडुका करून त्यानं पोराच्या टाळक्यात घातला नाही. सुपरहिरोच्या जुन्या चाहत्यानं नव्या अंकाकडे असंच बघावं, असं माझं ठाम मत आहे. मुखवटा सगळ्यांच्या ओळखीचा असतो. आज तो कुणी चढवलाय आणि चढवून तो काय करतोय, एवढाच परीक्षणाचा विषय.

कॉमिक्समध्ये मुखवट्याची ही गोष्ट मला पहिल्यांदा सांगितली वेताळानं. ली फॉक यांचा फँटम, म्हणजेच मराठीतला वेताळ, १९३६ साली अमेरिकी वर्तमानपत्रांतून सुरू झाला, सुपरमॅनच्याही आधी. आपल्याकडे मार्च १९६४मध्ये बेनेट कोलमन कंपनीनं इंद्रजाल कॉमिक्स काढलं आणि ते मराठीतही निघू लागलं. मे महिन्यात आणि गणपतीला मुंबईचे चाकरमानी यायचे. पत्र्याच्या ट्रंकांतून गोडं तेल, चहाची पुडी, आमच्यासाठी कापड, आणि सगळ्यात तळाशी चुलतभावानं वाचून संपवलेले इंद्रजालचे अंक. कोपरे दुमडलेले, कुठे मुखपृष्ठ गेलेलं. आम्ही मुलं सड्यावर जाऊन ते अंक एकमेकांच्या खांद्यावरून वाचायचो. वेताळ अमर आहे असं जंगलातल्या लोकांना वाटतं. वाचकाला मात्र ठाऊक असतं की हा एकविसावा आहे, बाप गेला की मुलगा कवटीवर हात ठेवून शपथ घेतो आणि तोच वेश अंगावर चढवतो. मला ते जराही नवल वाटलं नाही. संकासुराचं तसंच तर होतं.

त्या अंकांमधली काही कारागिरी मला खूप पुढे कळली. मूळ गोष्टी वर्तमानपत्रातल्या पट्ट्यांच्या होत्या. त्या कापून, जुळवून पुस्तकाच्या पानात बसवलेल्या असत. फँटमचा मूळ देश बंगाला, तो इथं डेंकाली झाला. मुळातले सिंग चाचे सिंगा चाचे झाले, कारण सिंग हे आपल्याकडच्या लाखो लोकांचं नाव. वेशाचा रंगसुद्धा देशागणिक वेगळा होता: अमेरिकेत जांभळा, इटलीत लाल, स्वीडनमध्ये निळा. म्हणजे ज्याला आम्ही खराखुरा वेताळ समजत होतो तो आधीच अनेक हातांतून घडून आला होता. ‘आमच्या लहानपणीचा वेताळ आता राहिला नाही’ अशी पत्रं मला वाचकांकडून येतात, तेव्हा मी त्यांना हे सगळं सविस्तर लिहून कळवते. त्यांच्या प्रेमाला धक्का लावायचा नसतो मला. ते प्रेम माझंही आहे. पण आपल्या हाती आला तोच मूळ, असा हट्ट धरला की मग पुढचं काहीच दिसेनासं होतं.

मुलगी म्हणून वाचताना मला आणखी एक गोष्ट टोचायची. वेताळाची डायना धाडसी होती, संयुक्त राष्ट्रसंघात काम करायची, १९७७ साली दोघांचं लग्नही झालं; पण मुखवटा तिचा नव्हता. आमच्या खेळ्यांत तर गवळणीसुद्धा बापेच व्हायचे. मोठेपणी मुंबईत जुन्या पट्ट्यांचं एक पुस्तक मिळालं आणि त्यात जूली भेटली. सतराव्या वेताळाची जुळी बहीण, भाऊ अंथरुणाला खिळला असताना त्याचा वेश घालून कामगिरीवर निघालेली. ती पानं मी लोकलमध्ये उभ्यानं वाचली. आज ‘ॲब्सोल्यूट वंडर वुमन’चं परीक्षण लिहिताना, म्हणजे केली थॉम्प्सन यांनी लिहिलेल्या आणि हेडन शर्मन यांनी चित्रं काढलेल्या मालिकेचं, मला जूली आठवते. ही नवी वंडर वुमन स्वर्गतुल्य बेटावर वाढलेली नाही. तिला पाताळात सर्सी नावाच्या चेटकिणीनं वाढवलंय. हातात आडदांड तलवार, बसायला हाडांचा सापळा झालेला उडता घोडा, आणि वागण्यात मात्र कमालीचं मार्दव. जे तिच्याकडून काढून घेतलं गेलं त्याचा सूड उगवायला ती येत नाही, माणसांना वाचवायला येते. मूळ १९४१च्या वंडर वुमनचं काळीज तेच होतं. वेश, घर, आई सगळं बदललं आणि ते टिकलं. अशा वेळी लिहिताना हात थरथरतो, इतका आनंद होतो.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते सांगते, कारण लोकांना वाटतं अंक वाचला, आवडला-नावडला लिहिलं, झालं.

पहिल्यांदा मी अंक वाचत नाही, नुसता बघते. संवादाच्या फुग्यांवर नजर ठरू द्यायची नाही. फक्त चौकटी. कोण कुठे उभा आहे, उजेड कुठून येतोय, पान उलटल्यावर काय समोर येतं. चित्रकार चांगला असेल तर एकही शब्द न वाचता गोष्टीचा बारा आणे भाग कळतो. कळला नाही तर ते मी टिपून ठेवते. मग दुसऱ्यांदा वाचते, शब्दांसकट. आणि तिसऱ्यांदा फक्त फुगे तपासते. ही खोड माझ्या जुन्या नोकरीची. मुंबईत मी एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. ओळ कुठे तुटली, शब्द कुठे घुसमटला हे डोळ्याला आपोआप खुपतं.

कॉमिक्समध्ये अक्षरलेखकाचं काम वाचकाला दिसत नाही, म्हणूनच ते अवघड. एका चौकटीत दोघं बोलताहेत. आधी बोलणारा डावीकडे हवा, पण चित्रकारानं त्याला उजवीकडे उभा केलाय. आता पहिला फुगा वर, उजव्या माणसापासून शेपटी लांब ओढून, दुसरा खाली. तरीही नायिकेचा चेहरा झाकायचा नाही, आणि नजर शेवटच्या फुग्यावरून थेट पुढच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात उतरली पाहिजे. फुग्यातल्या ओळीही मध्ये रुंद, वर-खाली निमुळत्या. आरडाओरडा असेल तर अक्षर जाड करायचं, पण दर वाक्यात जाड केलं की कुणीच ओरडत नाही. आदित्य बिडीकर हे नाव मी परीक्षणांत आवर्जून लिहिते ते यासाठी. भारतात बसून या माणसानं अमेरिकेतल्या बिनीच्या मालिकांना अक्षरं दिली आहेत. ‘दीज सॅव्हेज शोअर्स’, ‘ब्लू इन ग्रीन’, २०२१ची ‘स्वॅम्प थिंग’. या तिन्हींचा लेखक राम व्ही, मूळचा मुंबईचा. त्याची सुरुवात मुंबईच्या होली काऊ एंटरटेनमेंटच्या ‘अघोरी’पासून झाली आणि २०२२मध्ये तो ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’चा लेखक झाला; ज्या मासिकात १९३९ साली बॅटमॅन जन्मला तेच हे मासिक. ‘ब्लू इन ग्रीन’च्या चित्रांसाठी मुंबईचे आनंद राधाकृष्णन यांना जॉन पिअर्सन यांच्यासह २०२१चा आयझ्नर पुरस्कार मिळाला. कॉमिक्सच्या जगात आयझ्नरचा मान मोठा. ज्या दिवशी ही बातमी आली त्या दिवशी मराठी वर्तमानपत्रांत मी ती शोधत राहिले.

नावांबद्दल मी फार आग्रही आहे. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन पोरांनी सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरना विकले आणि पुढे कित्येक वर्षं त्यांच्याच पात्रावर त्यांचं नाव नव्हतं. १९७५ साली, वृत्तपत्रांतून बोभाटा झाल्यावर, ते परत आलं आणि त्यांना वार्षिक निवृत्तिवेतन मिळू लागलं. बॅटमॅनचा वेश, त्याचं गॉथम शहर, त्याचं दुःख ज्यानं घडवलं त्या बिल फिंगरला अधिकृत श्रेय मिळालं २०१५मध्ये. तो वारला १९७४ साली. आपल्याकडे तरी काय वेगळं? नागराज हा उत्तर भारताचा हिरो म्हणून सगळे ओळखतात. १९८६च्या त्याच्या पहिल्या अंकाची चित्रं प्रताप मुळीक या मराठी चित्रकाराची होती, हे मुलांना सांगितलं की ती चमकतात. भोकाल या हिरोला रूप दिलं दिलीप कदम यांनी. अमर चित्रकथेतल्या कृष्णाची चित्रं राम वाईरकरांची, आणि टिंकलमधला सुपंडीही त्यांच्याच हातचा. एवढे मराठी हात या धंद्यात राबले आणि मराठीत त्यांच्याबद्दल किती लिहिलं गेलं? एकदा एका नियतकालिकानं माझ्या परीक्षणातून चित्रकाराचं आणि रंगकाराचं नाव जागेअभावी कापलं. तेव्हापासून मी ती नावं पहिल्याच वाक्यात घालते. कात्री खालून लागते, वरून नाही.



परीक्षकाचं मोठं काम मला वाटतं ते असं की जुन्या वाचकाचा आनंद नव्या वाचकाला समजावून द्यायचा. २०२४च्या जानेवारीत ‘अल्टिमेट स्पायडरमॅन’ सुरू झाला, लेखक जोनाथन हिकमन, चित्रं मार्को केकेत्तो. यात पीटर पार्कर तिशी उलटलेला, लग्न झालेला, दोन मुलांचा बाप आहे आणि कोळी त्याला आत्ता चावतो. नव्या वाचकाला हे छान, साधं वाटेल. जुन्या वाचकाच्या डोळ्यांत पाणी का येतं? कारण पीटर आणि मेरी जेन यांचं लग्न १९८७मध्ये झालं होतं आणि २००७मध्ये स्पायडरमॅनच्या कंपनीनं ते एका सैतानी सौद्यात पुसून टाकलं. ज्यांनी वीस वर्षं तो संसार वाचला, त्यांच्या मनातली ती सल या मालिकेत कुठेही बोलून दाखवलेली नाही. तरी मुलीशी बोलणाऱ्या पीटरच्या एका चौकटीत ती निवते. हे परीक्षणात सांगितलं नाही तर परीक्षण अपुरं. आणि फक्त हेच सांगितलं तरी अपुरं, कारण नव्या वाचकानं काय बघावं? त्याला केकेत्तोची रात्रीची शहरं बघायला सांगायची. तिथं इतिहास माहीत असायची गरज नाही.

आमच्या गावात विद्या प्रसारक मंडळाचं महर्षी परशुराम अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथली काही मुलंमुली सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे जेवायला येतात आणि जेवणानंतर पडवीत अंक चाळत बसतात. त्यांच्यामुळे माझं एक परीक्षण फार चांगलं झालं. ‘ॲब्सोल्यूट बॅटमॅन’चा पहिला अंक ऑक्टोबर २०२४मध्ये आला, लेखक स्कॉट स्नायडर, चित्रकार निक ड्रॅगोटा. यातला ब्रूस वेन गडगंज नाही. त्याचा बाप शाळामास्तर होता, प्राणिसंग्रहालयात गोळीबारात गेला. आई जिवंत आहे. ब्रूस स्वतः शहराचं काम करणारा अभियंता आहे, दिवसा नोकरी करतो. वेश त्यानं स्वतः रचलेला, गाडी म्हणजे एक अजस्र डंपर. मी अंगकाठीवर अडले होते: एवढा रुंद, चौकट फाडून बाहेर येणारा बॅटमॅन मी कधी बघितला नव्हता, आणि हे चांगलं की भडक, ते ठरत नव्हतं. छातीवरचं वटवाघळाचं चिन्ह तर ठोकळ्यासारखं. तेवढ्यात यंत्र शाखेचा एक मुलगा पान झूम करून म्हणाला, “काकू, हे निघतं बघा छातीवरून. कुऱ्हाडीचं पातं आहे हे. परशु!”

पडवीत एकदम गलका झाला. परशुरामाच्या नावाच्या कॉलेजातली पोरं, परशुरामभूमीत बसून, गॉथमच्या अभियंत्याच्या छातीवरचा परशु बघत होती. मग कुणी दांडा कुठे अडकवत असेल यावर बोलू लागलं, कुणी त्याच्या वजनावर. कानांच्या जागी पाती आहेत हेही त्यांनीच दाखवलं. मला त्या गलक्यातून उत्तर मिळालं. हा बॅटमॅन रुंद आहे कारण त्याच्याकडे दुसरं काहीच नाही. जुन्या ब्रूसकडे पैसा होता, वाडा होता, नोकर होता. याच्याकडे स्वतःचं अंग आणि स्वतः बनवलेली अवजारं. अंगावरची प्रत्येक वस्तू शस्त्र आहे, कारण वेगळी शस्त्रं ठेवायला गुहा नाही. आणि ड्रॅगोटानं हे एकाही संवादाशिवाय सांगितलंय. परीक्षण मी त्याच संध्याकाळी लिहून टाकलं. परशुरामाचा उल्लेखही ठेवला, कारण मराठी वाचकाला ते चिन्ह दाखवायचं तर त्याहून सरळ रस्ता नव्हता.

आपल्या मातीतला सुपरहिरो म्हणून जे येतं त्याच्याकडे मी जास्त कडक नजरेनं बघते. माया असते म्हणूनच. २००४मध्ये गोथम एंटरटेनमेंटनं ‘स्पायडरमॅन: इंडिया’ काढला. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांचा. पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर, मेरी जेनची मीरा जैन, काका भीम, काकू माया. कोळ्याऐवजी योगी. धोतर नेसून मुंबईच्या इमारतींवरून झोके घेणारा पवित्र कांगनं सुंदर काढलाय. हवेत फडफडणाऱ्या धोतराच्या निऱ्या बघत राहाव्या अशा. गोष्ट मात्र नावं बदलून जुन्याच रुळांवरून गेली. खेड्यातून मुंबईत शिकायला आलेल्या मुलाला हे शहर कसं वागवतं, चाळीत, लोकलमध्ये, कॉलेजात, हे मला वाचायचं होतं. ते तिथं फारसं नव्हतं. २०२३च्या ‘ॲक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ या चित्रपटात पवित्र आला तो स्वतःचा होऊन: आनंदी, चटपटीत, आपल्या शहराचा अभिमान असलेला. माझ्या कानांत तात्यांचे शब्द वाजले. त्याच वर्षी निकेश शुक्ला यांनी त्याची नवी मालिकाही लिहिली. एकोणीस वर्षांनी का होईना, मुखवट्यात माणूस आला.

राज कॉमिक्सचा डोगा मुंबईचा आहे, कुत्र्याचा मुखवटा घालतो, आणि मुंबईतल्या गुंडांना निपटतो. वेळणेश्वरच्या पोरांना हिंदी डोगा पाठ. मराठीत ‘बाजी’ नावाचा सुपरहिरोचा चित्रपट २०१५मध्ये येऊन गेला. पण मराठीत महिन्याच्या महिन्याला निघणारं, मूळ मराठीत लिहिलेलं सुपरहिरोचं कॉमिक मला परीक्षणासाठी कधी मिळालेलं नाही. ती उणीव मला फार जाणवते.

छापील अंकांचं इथं जपणं हेही कामच आहे. आजकालच्या चकचकीत कागदाची पानं आमच्या पावसात एकमेकांना चिकटतात. ओढलं तर बॅटमॅनचा अर्धा चेहरा शेजारच्या पानावर जातो. म्हणून जून लागायच्या आत प्रत्येक अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत, पाठीला पुठ्ठा, आणि ट्रंकेत वेखंडाचे तुकडे. कसरीला वेखंडाचा वास सोसत नाही. जुन्या इंद्रजालचा कागद वर्तमानपत्री, तो चिकटत नाही पण पिवळा पडून कडेनं तुटतो. त्याला हवा लागती ठेवायची. २२ जुलै २०२१च्या महापुरात चिपळुणात घराघरांतले, दुकानांतले कागद गेले. १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही पाणी शिरलं. ग्रंथांची निदान मोजदाद होते. लोकांच्या माळ्यावरच्या मराठी इंद्रजालांची कुणी केली नाही. ज्यांच्याकडे ते अंक अजून असतील त्यांनी निदान मोबाइलवर पानांचे फोटो काढून ठेवावेत, हे मी भेटेल त्याला सांगत असते.

संपादक अधूनमधून म्हणतात, ताई, पाचपैकी किती तारे ते देत जा, वाचकाला सोपं जातं. मी देत नाही. एक अंक हा चालू गोष्टीचा भाग असतो. त्याला तारे देणं म्हणजे गवळण चालू असताना मध्येच उठून खेळ्यांना गुण देण्यासारखं. त्यापेक्षा मी एक चौकट निवडते आणि ती का बघावी ते सांगते. वाचक अंक विकत घेवो न घेवो, ती चौकट त्याला दिसली पाहिजे.

गेल्या शिमग्यानंतर रत्नागिरीच्या एका तरुणानं मला स्वतःच्या कॉमिकची सुरुवातीची पानं पाठवली. नायक संकासुराच्या वेशात रात्री गावोगाव फिरतो, चोरटी वाळू उपसणाऱ्यांच्या मागे लागतो. पानं उघडली तेव्हा छातीत धडधडत होतं. मी त्याला इतर कुठल्याही नव्या अंकाच्या परीक्षणाइतकंच मनापासून आणि तितकंच परखड लिहिलं. टोपीचं टोक प्रत्येक चौकटीत वेगळ्या उंचीचं आहे, ते एक कर. तिसऱ्या पानावरचा पाठलाग छान आहे, पण समुद्र डावीकडे होता तो अचानक उजवीकडे कसा गेला? आपल्या किनाऱ्यावर माणूस दक्षिणेकडे पळत असेल तर पाणी त्याच्या उजव्या हाताला. कोकणातला वाचक हे लगेच पकडेल. संवाद टंकलिखित अक्षरात टाकू नकोस, देवनागरीच्या मात्रा आणि रफार फुग्याच्या कडेला घासताहेत, ओळींमध्ये जागा सोड. संकासुर पहिल्याच पानावर एवढं लांबलचक भाषण का करतो? खेळ्यांत तो येण्याआधी घुंगरं वाजतात. आणि मुखपृष्ठावर चित्रं काढणाऱ्या तुझ्या मैत्रिणीचं नाव तुझ्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात हवं. त्याचं उत्तर आलं: काकू, टोपीचं आणि समुद्राचं पटलं, नावाचं तर झालंच म्हणून समजा, भाषण मात्र थोडं ठेवू का? मी कळवलं, दोन फुगे ठेव, त्याहून जास्त नको, आणि सुधारलेली पानं पावसाआधी पाठव; जूनमध्ये इथली वीज आणि रेंज, दोन्हींचा भरवसा नसतो.